मतदानात हरलेलं भाषण कुठं जातं?

एरवी या सदराकडे येणारी पत्रं सातबाऱ्यावरच्या नोंदी, वाटणीपत्र, सोसायटीचा मेंटेनन्स आणि न वटलेले चेक यांची असतात. या वेळी संसद आणि नागरिकांचे हक्क यांवर इतकी पत्रं आली की वारसाहक्काचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. ज्यांचे राहिले त्यांनी राग मानू नये.

प्रश्न : ताई, मी एमपीएससीचा अभ्यास करते. अभ्यासिकेतून घरी आल्यावर नोट्ससाठी संसद टीव्हीवरची भाषणं ऐकते. विरोधी बाकांवरचा एखादा खासदार भाषणस्वातंत्र्य, अटक, जामीन यांवर इतक्या तयारीनं बोलतो की पेन खाली ठेवून ऐकत राहावं. मग आवाजी मतदान होतं, ‘होय’वाल्यांचा आवाज मोठा ठरतो आणि विधेयक मंजूर. बाबा म्हणतात, एवढं घसा फोडून मिळवलं काय? मला त्यांना उत्तर देता येत नाही.
— एक विद्यार्थिनी, सिडको, नाशिक

उत्तर : मी वकील असल्यामुळे बाबांचा प्रश्न मला कोर्टाच्या आवारातही नेहमी ऐकू येतो. त्यामुळे सविस्तर लिहिते, आणि सुरुवात एका पडलेल्या प्रस्तावापासून करते.

२०११ साली केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नियम काढले. इंटरनेटवरच्या मजकुराबद्दल कोणी तक्रार केली की संबंधित कंपनीनं ३६ तासांत हालचाल करायची. कोर्टाचा आदेश नको, की ज्यानं लिहिलं त्याचं म्हणणं ऐकून घेणं नको. असे नियम संसदेच्या पटलावर ठेवावे लागतात आणि ते रद्द करा असा प्रस्ताव कोणत्याही सदस्याला आणता येतो. ही तरतूद बहुतेक वेळा नुसती पडून असते. राज्यसभेतले मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे खासदार पी. राजीव यांनी ती वापरली. १७ मे २०१२ ला चर्चा झाली. तेव्हाचे विरोधी पक्षनेते, भाजपचे अरुण जेटली यांनीही नियमांवर टीका केली. इंटरनेट असतं तर आणीबाणीतली सेन्सॉरशिप टिकली नसती, असा त्यांचा मुद्दा होता. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पक्ष त्या दिवशी एकाच बाजूनं बोलले. मंत्री कपिल सिब्बल यांनी संबंधितांशी चर्चा करण्याचं आश्वासन दिलं. प्रस्ताव मताला टाकला आणि पडला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या पालघरला दोन मुलींना अटक झाली. एकीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या, दुसरीनं त्या लाइक केल्या होत्या. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ होतं. हे कलम डिसेंबर २००८ मध्ये लोकसभेत गोंधळ चालू असताना चर्चेशिवाय मंजूर झालेलं. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं श्रेया सिंघल खटल्यात ६६-अ घटनाबाह्य ठरवलं. त्याच निकालात २०११ च्या नियमांनाही लगाम घातला : कोर्टाचा आदेश किंवा सरकारी यंत्रणेची रीतसर सूचना असेल तरच मजकूर काढण्याची सक्ती.

राजीव यांच्या भाषणामुळे हा निकाल लागला असं मी म्हणणार नाही. तो याचिका करणाऱ्यांनी आणि त्यांच्या वकिलांनी लढून मिळवला. पण कोर्टाला २०१५ मध्ये जो दोष दिसला, तो २०१२ मध्ये सभागृहात पुराव्यासकट सांगून झाला होता. आणि ज्या कलमावर २००८ मध्ये कोणी बोललंच नाही, त्यानं चार वर्षांनी दोन पोरींना ठाण्यात नेऊन बसवलं. बाबांना आधी हे सांग. न झालेल्या भाषणाची किंमतही कोणीतरी मोजत असतंच.

दुसरं, मागे १९५१ मध्ये जा. पहिली घटनादुरुस्ती. सरकारला भाषणस्वातंत्र्यावर जास्त बंधनं घालायची होती. श्यामाप्रसाद मुखर्जी, आचार्य कृपलानी, हृदयनाथ कुंझरू यांनी पंडित नेहरूंसमोर उभं राहून विरोध केला. दुरुस्ती मंजूर झालीच. मात्र विधेयक तपासणाऱ्या खासदारांच्या प्रवर समितीतून बाहेर पडताना तिच्यात एक अट आली : बंधन वाजवी असलं पाहिजे. म्हणजे ते वाजवी आहे का, हे तपासायचा अधिकार कोर्टाकडे राहिला. आज एखाद्या पत्रकाराच्या किंवा शाहिराच्या बाजूनं मी उभी राहते तेव्हा माझ्या युक्तिवादाचा अर्धा भार त्या अटीवर असतो.

आता आवाजी मतदान. त्याला कोणताही सदस्य हरकत घेऊन मतविभाजन मागू शकतो. मग बटणं दाबली जातात आणि कोणी बाजूनं, कोणी विरोधात मत दिलं ते नावानिशी छापलं जातं. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात जुने खंड स्कॅन करून ठेवले आहेत, फुकट आहेत. एखादा उघडून बघ. जुन्या खंडांत पानाचे दोन स्तंभ असतात आणि क्रमांक पानाला नसून स्तंभाला असतो. मध्येच कंसात ‘व्यवधान’ असं लिहिलेलं. शेवटी मतविभाजन झालं असेल तर नावांच्या दोन याद्या. पन्नास-साठ वर्षांनंतरही कोण कुठे उभं होतं ते दिसतं. माझ्या मते खासदाराच्या हातातलं हे सगळ्यात साधं हत्यार आहे, आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारंही.

परीक्षेसाठी एवढं लिहून ठेव : शुक्रवारी दुपारी खासगी सदस्यांची, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांची, विधेयकं येतात. स्वातंत्र्यानंतर त्यातली १४ कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. २०१५ मध्ये द्रमुकचे तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेनं मंजूर केलं, लोकसभेत ते पुढे सरकलं नाही. सरकारला या विषयावर स्वतःचा कायदा मात्र २०१९ मध्ये आणावा लागला.

प्रश्न : संसदेत खासदार सरकारविरुद्ध काहीही बोलला तरी त्याच्यावर केस होत नाही, असं सरांनी सांगितलं. खरं आहे का?
— इयत्ता दहावी, येवला

उत्तर : खरं आहे. राज्यघटनेच्या कलम १०५ नुसार सभागृहातल्या भाषणासाठी आणि मतासाठी खासदाराला कोर्टात खेचता येत नाही. आमदारांसाठी कलम १९४. सभागृहाचे स्वतःचे नियम आहेत, अध्यक्ष शब्द कामकाजातून काढू शकतात, निलंबनही होऊ शकतं. तेच भाषण त्यानं बाहेर चौकात केलं तर संरक्षण नाही. आणि पैसे घेऊन भाषण किंवा मत दिलं तर त्यालाही संरक्षण नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी मार्च २०२४ मध्ये स्पष्ट केलं. सरांना नमस्कार सांग.

प्रश्न : मॅडम, आंबे हे दादासाहेब गायकवाडांचं गाव आमच्या तालुक्यात. शाळेत काळाराम मंदिराचा सत्याग्रह शिकवतात, पण दादासाहेब खासदार होते हे मुलांना माहीत नसतं. त्यांच्या तिथल्या कामाबद्दल थोडं लिहावं.
— निवृत्त शिक्षक, दिंडोरी तालुका

उत्तर : गुरुजी, हे पत्र वाचून बरं वाटलं. भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १९०२ चा. २ मार्च १९३० ला पंचवटीत सत्याग्रह सुरू झाला तेव्हा नेतृत्व बाबासाहेबांचं होतं, आणि इथं रोजचं काम ओढणारे दादासाहेब. वर्षानुवर्षं माणसं जमवायची, मार खाल्लेल्यांना सांभाळायचं, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी दाणागोटा पोचतो की नाही ते बघायचं. देवळाचा दरवाजा तेव्हा उघडला नाही.

१९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, नाशिकनं त्यांना लोकसभेत पाठवलं. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे म्हणून निवडून आले, त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. पुढे १९६२ ते १९६८ राज्यसभेत. म्हणजे दिल्लीतली त्यांची सगळी वर्षं विरोधी बाकांवर गेली.

हक्क म्हटलं की आपल्याला भाषण, सभा, वृत्तपत्र आठवतं. दादासाहेबांच्या हक्कांच्या यादीत पहिली जमीन होती. ज्याच्या नावावर गुंठाभर रान नाही तो पाटलाच्या दारात उभा राहून कोणतं स्वातंत्र्य वापरणार? १९५९ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. १९६४ मध्ये पक्षानं पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींकडे मागण्यांची सनद दिली आणि ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह झाला. स्वतः राज्यसभेचे सदस्य असलेले दादासाहेब त्या लढ्याच्या पुढे होते. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन अमलात आणा, बौद्ध झालेल्यांच्या सवलती चालू ठेवा, बाबासाहेबांचं तैलचित्र संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये लावा, अशा मागण्या होत्या.

तैलचित्र लागलं १२ एप्रिल १९९० ला. केंद्रात नवबौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या त्याही १९९० मध्ये. दादासाहेब १९७१ च्या डिसेंबरात गेले होते. जमिनीची मागणी अजून पुरी व्हायची आहे, हे आपल्या पेठ-सुरगाण्याच्या वनहक्क दाव्यांच्या फायली बघितल्या की कळतं. मुलांना मंदिराबरोबर हेही शिकवा. रस्त्यावरचा सत्याग्रह आणि सभागृहातली मागणी ही त्यांना दोन वेगळी कामं वाटत नव्हती.

प्रश्न : आणीबाणी लागली तेव्हा मी प्रेसमध्ये नवा नोकरीला लागलो होतो. जेलकडे जाणाऱ्या पोलीस गाड्या जेलरोडवर दिसायच्या. पेपरात संसदेची बातमी म्हणजे मंत्र्यांची भाषणं. विरोधी खासदार काही बोललेच नाहीत, की सगळे आत होते?
— निवृत्त कामगार, नाशिकरोड

उत्तर : काका, पुष्कळ आत होते. जे बाहेर होते ते बोलले. तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही, एवढंच.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीवर सही झाली आणि २१ जुलैला संसद भरली. सरकारनं पहिलं काम केलं ते प्रश्नोत्तराचा तास बंद करण्याचं. म्हणजे कोण कुठल्या तुरुंगात आहे हे विचारायची सोयच काढून घेतली. त्या दिवशी लोकसभेत ए. के. गोपालन बोलायला उभे राहिले. केरळचे मार्क्सवादी नेते, वय सत्तरीचं. १९५० मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलेले आणि हरलेले गोपालन ते हेच. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांच्या नावाचा खटला पाठ असतो. सत्ताधारी बाकांवरून पुण्याचे मोहन धारिया आणीबाणीच्या विरोधात बोलले, आणि ते धाडस मला विरोधकांपेक्षा काकणभर जास्तच वाटतं. मतदान झालं : ३३६ विरुद्ध ५९.

त्या ५९ जणांनी काय म्हटलं ते छापायला बंदी होती. यामागे एक गोष्ट आहे, ती माहीत असावी. संसदेतल्या भाषणाचं खरं वृत्त छापल्याबद्दल पेपरवर खटला भरता येऊ नये, असा कायदा १९५६ मध्ये झाला होता. तो खासगी विधेयक म्हणून आणला होता काँग्रेसच्याच फिरोझ गांधी यांनी. डिसेंबर १९७५ मध्ये अध्यादेश काढून तो रद्द केला गेला. संरक्षण गेल्यावर कुठला संपादक हात घालील? १९७७ मध्ये सरकार बदललं, कायदा परत आणला गेला, आणि पुढं चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ही हमी कलम ३६१-अ म्हणून थेट राज्यघटनेत घातली. आता साध्या बहुमतानं किंवा एका रात्रीतल्या अध्यादेशानं ती पुसता येत नाही.

त्याच दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट केली. १९७६ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं जबलपूर खटल्यात म्हटलं होतं की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला आपल्या सुटकेसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही. पाचांतले एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात गेले. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनंतर आणीबाणी असली तरी कलम २० आणि २१, म्हणजे शिक्षेबाबतचं संरक्षण आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, स्थगित करता येत नाहीत. नाशिकरोडच्या तुरुंगात मिसा या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली बसलेल्या माणसांना जे दार बंद होतं, ते पुन्हा तसं बंद होऊ नये म्हणून ही तरतूद आहे. ती करणाऱ्या सभागृहात कालचे मिसाबंदी खासदार म्हणून बसले होते.

मधु लिमये तेव्हा मध्य प्रदेशातल्या तुरुंगात होते. सरकारनं लोकसभेची मुदत वाढवून घेतली तेव्हा जनतेनं पाच वर्षांसाठी निवडून दिलंय, त्यापुढे या जागेवर आपला हक्क नाही, म्हणून त्यांनी आणि शरद यादवांनी राजीनामे दिले. तुरुंगातल्या माणसाकडे सोडण्यासारखं दुसरं होतं तरी काय!

प्रश्न : कांद्याच्या भावासाठी आम्ही रास्ता रोको ठरवला. आदल्या रात्री हवालदार घरी नोटीस देऊन गेला. सकाळी चौघांना उचलून ठाण्यात बसवलं, अंधार पडल्यावर सोडलं. कारण विचारलं तर ‘वरून आदेश आहेत’. खासदार संसदेत हक्कांवर बोलतात ते चांगलंच आहे, पण आमचं गाऱ्हाणं तिथवर न्यायचं कसं?
— कांदा उत्पादक, निफाड तालुका

उत्तर : दादा, नोटीस जपून ठेवली असेल तर निम्मं काम झालं. १ जुलै २०२४ नंतरची असेल तर तिच्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८ असेल, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४९. उचलून नेलं ते बहुधा कलम १७० खाली, जुनं १५१. या कलमाखाली पोलीस तुम्हाला तेव्हाच ताब्यात घेऊ शकतात जेव्हा दखलपात्र गुन्हा करायचा तुमचा बेत त्यांना कळला आहे आणि तो दुसऱ्या कोणत्याही मार्गानं रोखता येणार नाही. त्यातही २४ तासांच्या वर ठेवायचं तर दुसरं कायदेशीर कारण लागतं. ‘वरून आदेश’ हे कारण कायद्यात कुठंच नाही.

मधु लिमयांचं नाव वर आलंच आहे. पुण्यात जन्मलेला, गोव्याच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहिलेला हा माणूस बिहारमधल्या मुंगेरचा खासदार होता. ६ नोव्हेंबर १९६८ ला लखीसराय रेल्वे स्टेशनवर त्यांना साथीदारांसह पकडलं. कलम तेच, १५१, जोडीला शांतता राखण्याच्या हमीची १०७ आणि ११७. लिमयांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, ते याचिका म्हणून घेतलं गेलं. कोर्टात सरकारी बाजूनं अटकेमागची हकीकत सांगितली गेली, पण अटकेची कारणं त्यांना सांगितली होती का, याचं उत्तर आलं नाही. डिसेंबरात कोर्टानं त्यांना सोडलं. राज्यघटनेचं कलम २२ म्हणतं की अटक झालेल्याला शक्य तितक्या लवकर कारण सांगितलं पाहिजे, आणि नंतर कोर्टापुढं सांगून ही चूक भरून निघत नाही. जमावबंदीचं कलम १४४ मात्र ते पाडू शकले नाहीत. १९७० मध्ये सात न्यायमूर्तींनी ते वैध ठरवलं, पण ते केव्हा आणि किती वापरायचं याच्या मर्यादा आखून दिल्या. अलीकडे २०२३ आणि २०२४ च्या निकालांनी विशेष कायद्यांखालच्या अटकेत कारणं लेखी देणं सक्तीचं केलं आहे. तेव्हा पुढच्या वेळी ठाण्यात बसवलं तर एकच गोष्ट शांतपणे आणि वारंवार मागा : कारण लेखी द्या. मोबाइलवर घरच्यांना वेळ आणि ठिकाण कळवा.

नव्या संहितेत एक भर पडली आहे, तीही बघून ठेवा. कलम १७२ नुसार पोलिसांचा निर्देश न पाळणाऱ्याला ताब्यात घेता येतं. किरकोळ प्रकरणात २४ तासांच्या आत सोडायचं. किरकोळ म्हणजे काय, निर्देश कायदेशीर होता की नाही हे त्या क्षणी कोण ठरवणार, अशा प्रश्नांचा सभागृहात कीस पडायला हवा होता. या संहिता डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाल्या त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले. बाके रिकामी असताना फौजदारी कायदा बदलणं मला वकील म्हणून आणि नागरिक म्हणून मान्य नाही. तिथं जे विचारलं गेलं नाही, ते आता तुमच्यासारख्याला ठाण्यातल्या बाकावर बसून विचारावं लागतं.

आता गाऱ्हाणं न्यायचं कसं. तुमच्या प्रकरणाचे दोन तुकडे करा. भाव का पडला हा दिल्लीचा विषय : ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, लासलगावसह बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, ८ डिसेंबरपासून निर्यातबंदीच आली, हे तुम्हाला मी सांगायला नको. हा तुकडा खासदाराकडे. तुम्हाला उचललं हा मुंबईचा विषय, कारण पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्यसूचीत आहेत. खासदारानं केंद्रीय गृहमंत्र्यांना विचारलं तर ‘हा राज्याचा विषय आहे’ असं दोन ओळींचं उत्तर येतं आणि महिना वाया जातो. तो तुकडा आमदाराकडे द्या : तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) किंवा लक्षवेधी सूचना. दोन्ही जागी देता येईल असा एक धागा आहे : कलम १७० आणि १७२ यांतच बदल सुचवणं. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत, आहे; तिथं खासदार बोलू शकतो, खासगी विधेयक आणू शकतो.

निफाड दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येतं. शहर, सिन्नर, इगतपुरी नाशिकमध्ये. मालेगाव आणि बागलाण धुळ्यात. २०२४ पासून तिन्ही ठिकाणचे खासदार विरोधी बाकांवर आहेत, तेव्हा निदान ‘आमचा खासदार सरकारविरुद्ध कसा बोलेल’ ही अडचण जिल्ह्यात कोणाला नाही. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर भेटायला जाऊ नका, आधी जा. हारतुरे नकोत. एक पान पुरे : तारीख, किती वाजता उचललं, किती वाजता सोडलं, नोटिशीची झेरॉक्स, चौघांच्या सह्या. खासदाराच्या कार्यालयात निवेदनांचा ढीग असतो आणि त्यातली बहुतेक ‘न्याय मिळावा ही विनंती’ इथं संपतात. सभागृहात उभं राहणाऱ्याला त्यातून मांडता येईल असं काही हाती लागत नाही. तारीख आणि वेळ लागते.

प्रश्न : आज हक्कांवर भाषणं करणारे उद्या सत्तेत गेले की तेच कायदे वापरतात. काँग्रेसनं मिसा आणला, भाजपनं पोटा. मग विरोधी खासदाराच्या भाषणावर विश्वास का ठेवायचा?
— एक ज्येष्ठ नागरिक, गंगापूर रोड

उत्तर : यादी तुम्ही अर्धीच दिलीत. राष्ट्रीय सुरक्षा कायदा १९८० चा, इंदिराजी परत आल्यावरचा. पोटा हा दहशतवादविरोधी कायदा राज्यसभेनं नाकारला तेव्हा मार्च २००२ मध्ये संयुक्त अधिवेशन बोलावून तो मंजूर करून घेतला. २००४ मध्ये नव्या सरकारनं पोटा रद्द केला आणि त्यातल्या कित्येक तरतुदी त्याच वेळी बेकायदा कारवायांविरुद्धच्या यूएपीए कायद्यामध्ये आणून बसवल्या. म्हणून मी माणसावर विश्वास ठेवा असं म्हणतच नाही. नोंदीवर ठेवा. विरोधात असताना त्यानं काय म्हटलं ते तारखेसकट छापलेलं आहे. तो मंत्री झाला की ते पान त्याच्यापुढं धरायचं काम आपलं.

एक उदाहरण मला रोजच्या कामात टोचतं. आपल्याकडे एमपीडीए या झोपडपट्टीदादा, धोकादायक व्यक्ती वगैरेंविरुद्धच्या राज्याच्या कायद्याखाली माणसाला खटल्याशिवाय वर्षभरापर्यंत स्थानबद्ध ठेवता येतं. अशा माणसाची आई किंवा बायको माझ्याकडे येते. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला आदेश, कधी कधी तोही नसतो. तेव्हा मी ज्या निकालाचा आधार घेते तो पुन्हा एका विरोधी खासदाराचाच आहे. धनबादचे ए. के. रॉय. खासदार असताना त्यांना राष्ट्रीय सुरक्षा अध्यादेशाखाली आत टाकलं होतं. डिसेंबर १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायदा वैध ठरवला, म्हणजे मुख्य मुद्द्यावर रॉय हरले. पण त्याच निकालात कोर्टानं सांगितलं की स्थानबद्ध केल्याबरोबर घरच्यांना लेखी कळवा, कुठं ठेवलंय ते कळवा, हलवलं तर तेही कळवा, आणि शक्यतो राहत्या ठिकाणाजवळ ठेवा. त्या बाईला मुलगा कुठल्या तुरुंगात आहे हे विचारायचा हक्क त्यातून आलेला आहे.

रॉय यांनी त्या खटल्यात आणखी एक मागणी केली होती. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचं कलम ३ म्हणतं की स्थानबद्धता योग्य आहे का ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मंजुरीशिवाय कोणालाही दोन महिन्यांपेक्षा जास्त स्थानबद्ध ठेवू नये. आज ही मर्यादा तीन महिन्यांची आहे. शिवाय मंडळाचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा सेवेतला न्यायमूर्ती असावा, सदस्यही उच्च न्यायालयाचे आजी-माजी न्यायमूर्ती असावेत आणि मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनं नेमले जावेत. संसदेनं हे मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली. ते लागू करायची तारीख मात्र केंद्र सरकारनं ठरवायची होती. सरकारला तशी आज्ञा आम्ही देऊ शकत नाही, असं कोर्टानं रॉय यांना सांगितलं. ते कलम आजतागायत लागू झालेलं नाही. जनता पक्षानं केलं नाही, काँग्रेसनं नाही, वाजपेयींच्या सरकारनं नाही, त्यानंतरच्यांनीही नाही. यात सगळे सारखे.

त्यासाठी नवा कायदा नको, दोन तृतीयांश बहुमत नको. राजपत्रात एक अधिसूचना पुरेशी आहे. तुमचा खासदार कोणत्याही बाकावरचा असो, त्याला एक पोस्टकार्ड टाका आणि अतारांकित प्रश्न म्हणून एवढंच विचारायला सांगा : राज्यघटना (चव्वेचाळिसावी दुरुस्ती) अधिनियम, १९७८, कलम ३ कोणत्या तारखेपासून लागू करणार, आणि करणार नसाल तर कारण काय? लेखी उत्तर आलं तर त्याची प्रत या सदराकडे पाठवा. पुढच्या अंकात जसंच्या तसं छापू.